शहरातलं घुबड: शोधायचं कसं, टिपायचं कसं

शहरात घुबड शोधायला निघालेला नवखा माणूस हमखास एक गोष्ट करतो. रात्री टॉर्च घेऊन बागेत जातो, अर्धा तास झाडांवर झोत फिरवतो आणि मान आखडली की घरी येतो. घुबड तिथे असतं. बऱ्याचदा ते या माणसाकडे बघतही असतं. घुबडाचं काम रात्रीचं असलं, तरी घुबड शोधणाऱ्याचं काम दिवसाचं असतं आणि त्यातलंही निम्मं जमिनीकडे बघत करायचं असतं. म्हणून इथे आधी जागा, मग खुणा, मग आवाज, मग पक्षी आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा असा क्रम ठेवला आहे. कॅमेऱ्याची घाई असली तरी आधीचे भाग गाळू नका. घुबडाच्या चांगल्या फोटोत लेन्सपेक्षा माहितीचा वाटा मोठा असतो.

आधी जागा हेरा

घुबडाला दोनच गोष्टी लागतात: दिवसभर कुणी त्रास देणार नाही असा आडोसा आणि रात्री पोटापुरती शिकार. शिकारीची शहरात वानवा नाही. उंदीर-घुशी आहेत, पाली आहेत, दिव्याखाली जमणारे पतंग आणि भुंगे आहेत, कबुतरं आहेत. अडचण असते ती आडोशाची. त्यामुळे नकाशावर शिकारीच्या जागा शोधत बसू नका, आडोशाच्या शोधा.

आडोसा म्हणजे सगळ्यात आधी जुनं झाड. वड, पिंपळ, चिंच असो की थंड देशातला ओक, फांदी तुटून जिथे ढोली झाली आहे तिथे थांबून बघायचंच. छाटणी करून गुळगुळीत ठेवलेल्या नव्या बागेत दहा फेऱ्या मारण्यापेक्षा जुन्या स्मशानात किंवा दफनभूमीत एक फेरी मारा. तिथे झाडं म्हातारी असतात आणि रात्री माणसांची वर्दळ नसते. जुने शैक्षणिक परिसर, बंद पडलेले कारखाने, दगडी पूल, पाण्याच्या टाक्या, घंटाघरं, जाळी फुटलेले व्हेंटिलेटर आणि ताडामाडाचे दाट शेंडेही तपासण्यासारखे असतात. शहराच्या वेशीवर गेलात तर पडक्या खाणी, नदीकाठच्या दरडी आणि गवताळ पडीक जमिनी बघा.

गजबज असली की घुबड नसणारच, असं मात्र धरून चालू नका. सर्बियातल्या किकिंडा या गावाच्या भर चौकातल्या झाडांवर हिवाळ्यात लांबकानी घुबडं शेकड्यांनी मुक्काम करतात आणि खाली लोकांचे रोजचे व्यवहार सुरू असतात. रोजची, एका लयीतली वर्दळ घुबडाला खपते. त्याला खटकतो तो थांबून, मान वर करून रोखून बघणारा माणूस. हे लक्षात ठेवा, पुढे फोटो काढताना उपयोगी पडेल.

कोण भेटेल, याचा अंदाज

जगात घुबडांच्या सुमारे २५० जाती आहेत. शहरात भेटणाऱ्या त्यातल्या थोड्याच, आणि सुरुवातीला तीन गट ओळखता आले तरी पुरे.

पहिला गट पिंगळ्यांचा. ठिपकेवाला पिंगळा जेमतेम २१ सेंटिमीटरचा, म्हणजे साळुंकीएवढाच पण गोल डोक्याचा आणि ठेंगणा. डोळे पिवळेजर्द, त्यांवर पांढऱ्या भुवया. नवख्यांसाठी याच्यासारखा पक्षी नाही, कारण तो दिवसाउजेडीही दिसतो. सकाळी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो. युरोपातलं लिटल आउल आणि अमेरिकेतलं जमिनीत बिळात राहणारं बरोइंग आउल हे याचेच भाऊबंद. त्यांनाही दिवसाचं वावडं नाही.

दुसरं गव्हाणी घुबड. पांढरट, बदामाच्या आकाराचा चेहरा, काळे डोळे, लांब पाय. अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडावर हे किंवा याचे सख्खे नातेवाईक आहेत आणि इमारतींशी त्यांचं चांगलं जमतं. संध्याकाळी गवतावरून पांढरं काहीतरी आवाज न करता गेलं तर आधी याचाच संशय घ्या. पण कापशी घारही तिन्हीसांजेला शिकार करते आणि पांढरी दिसते. ती हवेत एका जागी पंख फडफडवत थांबते, पंख टोकदार असतात आणि खांद्यावर काळा डाग असतो. उजेड कमी असला की फसायला होतं.

तिसरा गट मोठ्या शिंगवाल्या घुबडांचा: भारतातलं शृंगी घुबड, युरोप-आशियातलं ईगल आउल, अमेरिकेतलं ग्रेट हॉर्न्ड आउल. डोक्यावरची शिंगं म्हणजे नुसते पिसांचे झुपके, कानांशी त्यांचा संबंध नाही. यांचे डोळे नारिंगी किंवा पिवळे असतात. शहराच्या कडेला खडक, दरड, मोठी झाडं असली तर यांची आशा धरावी. युरोपातल्या शहरांत यांच्यापेक्षा टॉनी आउल जास्त भेटतं. ते मध्यम आकाराचं, बिनशिंगाचं आणि काळ्या डोळ्यांचं असतं.

जमीन वाचायला शिका

खरं काम इथे होतं, म्हणून इथे जरा रेंगाळू या.

घुबड दिवसभर एकाच फांदीवर बसतं आणि दिवसामागून दिवस तीच फांदी धरतं. त्यामुळे खाली त्याची विष्ठा साचते. घट्ट, पांढरी, चुना सांडल्यासारखी. खोडावरून तिचे ओघळ आलेले असतील तर अजून चांगलं. पण पांढरं दिसलं की घुबड, असं नाही. बगळ्यांची किंवा कावळ्यांची रात्रवस्ती असलेल्या झाडाखाली अख्ख्या घेराभर शिंतोडे उडालेले असतात आणि माशाचा वास येत असेल तर बगळेच. फळं खाणाऱ्या वटवाघळांची विष्ठा तपकिरी असते आणि तिच्यात बिया असतात. घुबडाचा पांढरेपणा एकाच ठिकाणी, हातभर जागेत गोळा झालेला असतो, कारण वर बसणारा एकच असतो किंवा जोडी असते.

त्या पांढऱ्या डागाच्या आसपास गोळ्या शोधा. पक्षीनिरीक्षक त्यांना पेलेट म्हणतात. घुबड भक्ष्य शक्यतो अख्खं गिळतं. मांस पचतं; केस, हाडं, पिसं, किड्यांची कवचं पचत नाहीत. त्यांची पोटात गोळी वळली जाते आणि काही तासांनी घुबड ती तोंडावाटे टाकतं. गव्हाणी घुबडाची ताजी गोळी काळी, ओलसर चकाकीची आणि अंगठ्यापेक्षा जाड असते. वाळली की करडी पडते आणि भुसभुशीत होते. पिंगळ्याची गोळी लहान असते, लवकर विस्कटते आणि तिच्यात भुंग्यांची चमकती कवचं जास्त सापडतात. गोळी काळी आणि ओली असेल तर घुबड कालपरवा इथे होतं. सगळ्याच गोळ्या करड्या आणि फुटलेल्या असतील तर त्याने मुक्काम हलवला असावा.

एखादी गोळी घरी नेऊन उकलून बघाच. हातमोजे घाला, ती कोमट पाण्यात भिजत ठेवा आणि चिमट्याने केस बाजूला करा. आत उंदराची कवटी बहुतेक वेळा शाबूत निघते. पुढचे दोन लांब पिवळसर-नारिंगी दात, मग मोकळी जागा, मग दाढा. दातांच्या रांगेत अशी मोकळी जागा नसेल आणि सगळे दात टोकदार असतील तर ती चिचुंद्री. या एका गोळीवरून तुमचं घुबड शिकारीला कुठे जात असेल याचा अंदाज येतो. नुसते किडे सापडले तर ते रस्त्यावरच्या दिव्यांपाशी सापडेल, उंदीर सापडले तर मोकळ्या मैदानाच्या किंवा कचराकुंडीच्या बाजूला. काम झालं की साबणाने हात स्वच्छ धुवा, गोळ्यांमध्ये जंतू असतात.

खुणा सापडल्या की वर बघा, पण अगदी खाली उभं राहून नको. दहा-पंधरा पावलं मागे या आणि दुर्बिणीने खोडालगतचा भाग आधी बघा. घुबड फांदीच्या टोकाला क्वचित बसतं. ते खोडाला चिकटून, पानांच्या सावलीत बसतं आणि सालीचाच एक तुकडा वाटतं. तुटक्या फांदीचा खुंट जरा जास्तच गोलसर दिसला की तिथे नजर थांबवा.

इतर पक्ष्यांना कामाला लावा

कावळे, कोतवाल, बुलबुल, साळुंक्या यांना दिवसा घुबड दिसलं की ते सगळे मिळून त्याच्याभोवती गराडा घालतात आणि आकाशपाताळ एक करतात. एका ठरावीक झाडाकडे तोंड करून पाच-सात जातींचे पक्षी एकत्र ओरडत असतील तर जाऊन बघा. साप किंवा मांजरही असू शकतं, पण घुबड असण्याची शक्यता चांगली असते. खारीही अशा वेळी शेपटी झटकत एकसारखी ओरडते. हा गोंधळ चालू असताना घुबडाच्या जवळ जाऊ नका. ते आधीच त्रासलेलं असतं आणि तुम्ही आलात की उडतं. मग कावळे त्याला मोकळ्यावर गाठतात. झाड लक्षात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी शांतपणे या.

कान लावा

सूर्य मावळायच्या अर्धा तास आधीपासून मावळल्यावर तासाभरापर्यंतची वेळ सोन्यासारखी. या वेळात जागेवरून निघण्याआधी बहुतेक घुबडं आवाज देतात.

पिंगळा कचाकचा भांडतो: चिर्र-चिर्र-चिर्र, मग चिवक-चिवक. दोघं असली तर एकात एक. शृंगी घुबडाचा आवाज खोल, दोन ठोक्यांचा आणि लांबवर जाणारा. गव्हाणी घुबड घुमत नाही, ते किंचाळतं, आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याची पाचावर धारण बसते. त्याची पिल्लं भूक लागली की घोरल्यासारखा लांब फुसफुसाट रात्रभर करतात. एखाद्या जुन्या इमारतीच्या व्हेंटिलेटरमधून कुणीतरी घोरल्याचा आवाज रोज येत असेल तर वर पिल्लं असण्याची दाट शक्यता आहे. आवाज शिकायला झेनो-कँटो या संकेतस्थळावर जगभरातल्या पक्ष्यांची ध्वनिमुद्रणं मोफत ऐकता येतात. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन हे अॅपही ऐकून पक्षी सुचवतं. ऐकायचं ते घरी बसून. मैदानात स्पीकरवर आवाज लावून घुबडाला बोलवायचं नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून ते शिकार सोडून, कधी कधी अंडी सोडून येतं आणि नसलेल्या शत्रूला हुसकण्यात रात्र घालवतं.

आवाज नेमका कुठून आला हे अंधारात कळत नाही. त्याला साधा उपाय आहे. एका जागी उभं राहून आवाजाची दिशा फोनच्या होकायंत्रावर बघा. दुसऱ्या संध्याकाळी शंभर-दीडशे मीटर बाजूला उभं राहून पुन्हा बघा. नकाशावर दोन्ही रेघा काढल्या की त्या जिथे छेदतात तिथली झाडं दिवसा तपासायची.

घुबडाशी वागायचं कसं

तुम्ही त्याला बघण्याआधी त्याने तुम्हाला ऐकलेलं असतं. पुढे व्हेलच्या गाण्यांसाठी जगप्रसिद्ध झालेल्या रॉजर पेन यांनी तरुणपणी गव्हाणी घुबडावर प्रयोग करून दाखवलं, की ठार अंधाऱ्या खोलीतही ते नुसत्या आवाजावरून उंदीर अचूक पकडतं. या घुबडाचा एक कान किंचित वर, एक किंचित खाली असतो. दोन्हींकडे आवाज पोचण्यातला सूक्ष्म फरक मेंदू जोखतो आणि त्यावरून भक्ष्याची जागा ठरते. अशा पक्ष्यासमोर बॅगेचा वेल्क्रो फर्र करून उघडणं म्हणजे काय, याची कल्पना करा. चेन, वेल्क्रो, लेन्सचं झाकण, फोनचा आवाज, सगळं गाडीपाशीच उरकून या. कपडे मळखाऊ रंगाचे आणि सळसळ न करणारे घाला.

घुबडाच्या दिशेने सरळ चालू नका. तिरकं चाला, मधे थांबा, बघायचं असेल तेव्हा इकडेतिकडेही बघा. किती जवळ जायचं याचं एक माप सगळीकडे चालत नाही. बागेतल्या पिंगळ्याला माणसांची सवय असते, खाणीतल्या शृंगी घुबडाला नसते. मी सुरुवात तीसेक मीटरवरून करतो आणि पुढचं घुबडाला ठरवू देतो.

ते कसं ठरवतं? निवांत घुबड फुगून, गोल होऊन बसतं. एक पाय पिसांत ओढलेला असतो, पिसं साफ करणं चालू असतं, डोळे मिटलेले किंवा अर्धे असतात. नीट बघितलंत तर दिसेल, की उघडझाप करताना वरची पापणी खाली येते आणि डुलकी लागताना खालची पापणी वर सरकते. दुर्बिणीतून हे बघत बसण्यात एक वेगळीच मजा आहे. उलट घुबड एकदम ताठ, बारीक आणि उंच झालं, पिसं अंगाला चिकटली, शिंगं उभी राहिली, तर ते घाबरलं आहे. अशा वेळी काही घुबडं डोळ्यांच्या फटी करतात. त्याला झोप समजू नका. डोळे टक्क उघडून तुमच्यावर रोखणं, डोकं वर-खाली करणं, चोच टकटक वाजवणं, पंख पसरून अंग मोठं करणं, या सगळ्याचा अर्थ एकच: मागे व्हा. लगेच, आणि आलात तसंच सावकाश.

घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून ते मान फिरवतं, जवळजवळ २७० अंशांपर्यंत. त्यामुळे मागून गेलो तर कळणार नाही हा हिशेब सोडून द्या.

ढोलीत अंडी-पिल्लं असतील तर सगळे नियम दुप्पट कडक. आईबाप भक्ष्य घेऊन येतात आणि तुम्ही असल्यामुळे समोरच्या झाडावर बसून राहतात. असं दिसलं की सामान आवरा. अनेक देशांत हा कायद्याचाही प्रश्न आहे. भारतात घुबडांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे आणि ब्रिटनमध्ये घरट्यावर असलेल्या गव्हाणी घुबडाला जाणूनबुजून त्रास देणं १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे.

आता साधनं

दुर्बीण आधी, कॅमेरा नंतर. ८×४२ ची दुर्बीण घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटर व्यासाचं असलेली. ४२ ला ८ ने भागलं की सव्वापाच येतात. दुर्बिणीतून डोळ्यात शिरणारा प्रकाशाचा झोत तेवढ्या मिलिमीटरचा असतो. खिशात मावणाऱ्या १०×२५ च्या दुर्बिणीत तो अडीच मिलिमीटरचाच. भर दुपारी फरक जाणवत नाही, संध्याकाळी एकीतून घुबड दिसतं आणि दुसरीतून नुसतं झाड.

लेन्स किती लांब हवी? हिशेब करून बघू. २१ सेंटिमीटरचा पिंगळा २० मीटरवर बसला आहे आणि तुमच्याकडे ४०० मिमी लेन्स आहे. कॅमेऱ्यातल्या सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर) त्याची प्रतिमा साधारण ४.२ मिमी उंचीची पडेल. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे लहान सेन्सरवर, ती चौकटीच्या उंचीच्या पाव भागाहून थोडी जास्त, फुल फ्रेमवर, म्हणजे मोठ्या सेन्सरवर, सहाव्या भागाच्या आसपास. म्हणजे छोट्या घुबडांसाठी क्रॉप सेन्सर आणि ४०० मिमी ही जोडी चांगली जमते, आणि ३०० मिमीवरही झाडासकट पक्षी छान येतो. झाडासकट काढलेला फोटो मला अधिक आवडतो, हेही सांगून टाकतो. नुसत्या चेहऱ्याचे फोटो कुठल्याही प्राणिसंग्रहालयात निघतात. ढोली, पारंब्या, मागे धूसर झालेल्या खिडक्या असल्या की ते शहरातलं घुबड होतं.

मोठी लेन्स नसेल तर फोन दुर्बिणीच्या भिंगाला लावून फोटो काढता येतो. हात थरथरतात म्हणून दुर्बीण कशावर तरी टेकवा. नोंदीपुरता फोटो नक्की निघतो. ट्रायपॉड असला तर उत्तम, नाहीतर तांदूळ किंवा वाळू भरलेली पिशवी कठड्यावर ठेवून त्यावर लेन्स टेकवा.

उजेड आणि आकडे

पहिले फोटो दिवसाचे काढा. सकाळी ढोलीबाहेर आलेला पिंगळा, तिरपं ऊन. लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/५.६, शटर १/५०० सेकंद, आयएसओ (प्रकाशाला सेन्सरची संवेदनशीलता) ऑटो, एवढ्यावर भागतं. फोकसचा एकच बिंदू निवडा आणि जवळच्या डोळ्यावर ठेवा. समोर बारीक काटक्या असतील तर कॅमेरा हट्टाने काटकीच पकडतो. तेव्हा मॅन्युअल फोकस करून स्क्रीनवर डोळा मोठा करून जुळवा. कॅमेऱ्याची फोकसला मदत करणारी दिव्याची सोय असते, ती आधीच बंद करा. स्क्रीनचा उजेडही कमी करा.

मागे आभाळ असेल तर घुबड काळं ठिक्कर पडतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करायची सोय) एक ते दीड स्टॉपने वाढवा; एक स्टॉप वाढवणं म्हणजे उजेड दुप्पट करणं. गव्हाणी घुबड अंधाऱ्या कोनाड्यात असेल तर उलट: कॅमेरा काळोख बघून एक्स्पोजर वाढवतो आणि पांढरा चेहरा जळून जातो, म्हणून एक स्टॉप कमी करा. फोटो रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये घ्या.

झाडाखालून वर काढलेल्या फोटोत पोट मोठं आणि डोकं लहान दिसतं. मागे सरका, कोन उतरेल. शेजारची गच्ची, पूल, जिना, टेकाड मिळालं आणि परवानगी असली तर डोळ्याला डोळा भिडेल अशी उंची मिळते. जिथून लोकांच्या खिडक्या दिसतात तिथे मोठी लेन्स काढण्याआधी रहिवाशांना सांगा. रखवालदारालाही कल्पना द्या. तो तुम्हाला हटकण्याऐवजी घुबड कुठे बसतं ते दाखवेल, त्याला ते बहुतेक माहीत असतं.

सूर्य बुडाल्यावरचा खेळ वेगळा. बसलेलं घुबड पुतळ्यासारखं स्थिर असतं, हा तुमचा फायदा. ट्रायपॉडवर १/६० किंवा १/३० सेकंदापर्यंत खाली या, आयएसओ ३२०० ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा आणि मान फिरवून थांबल्यावरच्या क्षणी चार-पाच फोटो घ्या. एखादा तरी स्पष्ट निघतो. निळसर आभाळावर घुबडाची काळी आकृती घ्यायची तर याच वेळी. तेव्हा एक्स्पोजर आभाळाचं धरा आणि घुबडाची बाह्यरेखा मोकळी दिसेल अशी फांदी निवडा.

रस्त्याच्या दिव्याखाली पतंग टिपणारा पिंगळा हा शहराने दिलेला स्टुडिओच आहे. फक्त आवाज होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावलं असेल तर एलईडी दिव्यांच्या लुकलुकण्याने फोटोत आडवे काळे पट्टे येतात. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवून बघा, ६० हर्ट्झ असेल तिथे १/६० किंवा १/१२०. पट्टे गेले नाहीत तर मेकॅनिकल शटर वापरा. रंग पिवळे आले तर घाबरू नका, रॉ फोटोत व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) नंतर सुधारता येतो.

उडत्या घुबडासाठी १/१६०० सेकंद किंवा त्याहून जलद शटर आणि सलग फोकस लागतो, म्हणजे भरपूर उजेड हवा. शहरात हे क्वचित साधतं. तरी एक दिशा: घुबड ढोलीतून निघाल्यावर पहिलं कुठे बसतं ते चार-पाच संध्याकाळी बघा. ते ठिकाण बहुतेक ठरलेलं असतं. मधल्या मोकळ्या जागेवर आधीच फोकस लावून बसा. पंखाच्या पुढच्या कडेला करवतीसारखे बारीक दाते आणि मागच्या कडेला मऊ झालर असल्यामुळे त्याच्या उडण्याचा आवाज येत नाही, तेव्हा ऐकून सावध होऊ हा भरवसा नको. नजर ढोलीवरून हटवू नका.

फ्लॅश नको. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर लख्ख उजेड पडला की पुढची उडी कशी जाईल सांगता येत नाही, आणि आसपास विजेच्या तारा व गाड्या आहेत. शिवाय डोळे काचेसारखे चमकून फोटोही भुताटकीचा दिसतो. चालण्यापुरता लाल उजेडाचा टॉर्च पायाखाली धरा, त्याने तुमचे स्वतःचे डोळे अंधाराला सरावलेले राहतात. आणि फोटोसाठी जिवंत उंदीर सोडून घुबडाला खाली बोलावण्याचा प्रकार करणारे लोक भेटतील. त्यांच्यासोबत थांबू नका. माणूस आला की खाऊ मिळतो हे शिकलेलं घुबड रस्त्यावर उतरू लागतं.

पिल्लू किंवा सुस्त घुबड जमिनीवर दिसलं तर

उडायला यायच्या आधीच पिल्लं ढोलीबाहेर पडून फांद्यांवर धडपडतात आणि खाली येतात. अंगावर कापसासारखी लव, डोळे टपोरे. असं पिल्लू अनाथ नसतं, आईबाप आसपासच असतात. कुत्रं-मांजर किंवा रहदारीचा धोका असेल तर कापडात अलगद धरून जवळच्या फांदीवर ठेवा आणि दूर व्हा. फोटोसत्र नको.

मोठं घुबड दिवसाढवळ्या जमिनीवर किंवा ओट्यावर बसलं असेल आणि जवळ गेल्यावरही हलत नसेल, तर ते माणसाळलेलं नाही, आजारी आहे. शहरात याचं एक मोठं कारण उंदीर मारायचं विष. हे विष रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस मंदावून फिरतो आणि नेमका तोच घुबडाला सोपा सापडतो. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयातून फेब्रुवारी २०२३ मध्ये सुटलेलं फ्लॅको नावाचं ईगल आउल वर्षभर त्या शहरात मोकळं राहिलं, शिकार करायला शिकलं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एका इमारतीपाशी कोसळून मेलं. शवविच्छेदनात त्याच्या शरीरात अशा विषांचा मोठा साठा आणि कबुतरांकडून आलेला विषाणू सापडला. म्हणून असं घुबड दिसलं की कॅमेरा खाली ठेवा, हवेशीर खोक्याने झाका, खायला-प्यायला काही देऊ नका आणि वनविभागाला किंवा वन्यप्राणी बचाव पथकाला फोन करा. हे क्रमांक आधीच फोनमध्ये साठवलेले बरे.

फोटो आणि नोंदी

फोन आणि बरेच कॅमेरे फोटोच्या फाइलमध्ये जागेचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवतात. घुबडाचा फोटो कुणालाही पाठवण्याआधी ती माहिती काढून टाका. फोटोतच जागा ओळखता येईल अशी पाटी किंवा इमारत असेल तर चौकट बदला. आय-नॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना जागा धूसर करण्याची सोय आहे, ती वापरा. ई-बर्ड हे पक्षीनोंदींचं संकेतस्थळ संवेदनशील जातींच्या जागा स्वतःहून लपवतं, पण ती यादी ठरलेली असते आणि नेहमीच्या घुबडांची नावं तिच्यात असतीलच असं नाही. तिथे झाडाऐवजी परिसराचं नाव द्या. ढोलीचा फोटो तर पिल्लं उडून गेल्यावरच दाखवा.

स्वतःच्या वहीत मात्र सगळं लिहा: झाड, फांदी कुठल्या बाजूची, पहिला आवाज सूर्यास्तानंतर किती मिनिटांनी, गोळ्या ताज्या की जुन्या, घुबड कुठल्या दिशेने गेलं. एक दिवस जागा रिकामी दिसली तर लगेच यादीतून काढू नका. ऊन, वारा, पानगळ बदलली की घुबड शेजारच्या दोन-तीन ठरलेल्या जागांपैकी एका ठिकाणी सरकतं. पन्नासेक मीटरच्या घेरातल्या दाट झाडांखालची जमीन आधी तपासा. विणीच्या काळात मादी ढोलीत अंड्यांवर असते आणि नर एकटाच बाहेर बसतो. जोडीतलं एकच दिसायला लागलं तर तारीख लिहून ठेवा आणि पुढचे काही आठवडे रस्त्यावरूनच, दुर्बिणीने बघा.